वाळू, जिवाणू आणि थोडी चिकणमाती: जैव-सिमेंटीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूत जिवाणू सोडून तिचा दगड करायची पद्धत, म्हणजे एमआयसीपी (मायक्रोबियली इंड्यूस्ड कॅल्साइट प्रेसिपिटेशन) किंवा जैव-सिमेंटीकरण, आता बऱ्याच प्रयोगशाळांमध्ये रुळली आहे. या वाळूत बेंटोनाइट किंवा केओलिनसारखी चिकणमाती थोड्या प्रमाणात मिसळली तर काम सुधारतं का, हा त्यातला पुढचा प्रश्न. सिव्हिलचे विद्यार्थी प्रकल्पासाठी आणि भरावाची किंवा पायलिंगची कामं करणारे इंजिनिअर कुतूहलापोटी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

जिवाणू वाळू घट्ट करतात म्हणजे नेमकं काय करतात?

सर्वांत जास्त वापरला जाणारा जिवाणू म्हणजे स्पोरोसार्सिना पाश्चरी. जुन्या पुस्तकांत तो बॅसिलस पाश्चरी या नावाने सापडेल. २००१ मध्ये त्याचं वर्गीकरण बदललं. तो युरिएज नावाचं एन्झाइम भरपूर तयार करतो. या एन्झाइममुळे युरिया फुटतो आणि अमोनियम व कार्बोनेट तयार होतात. पाण्यात कॅल्शियम क्लोराइड विरघळवलेलं असेल तर कार्बोनेट कॅल्शियमशी जोडलं जाऊन कॅल्साइटचे स्फटिक वाळूच्या कणांवर बसू लागतात. चुनखडीचा दगड याच खनिजाचा असतो.

जिवाणू स्वतः डिंकासारखे चिकटत नाहीत. ते एन्झाइम पुरवतात, आजूबाजूचा सामू (पीएच) नऊच्या आसपास नेतात आणि स्फटिकाला बसायला जागा देतात. त्यातले बरेचसे शेवटी त्याच स्फटिकात गाडले जातात.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या मर्डोक विद्यापीठात व्हिक्टोरिया व्हिफिन यांनी २००४ च्या प्रबंधात या पद्धतीचा पाया घातला. पुढे नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये १०० घनमीटरच्या हौदात वाळू भरून मोठा प्रयोग झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १२ दिवसांत जवळजवळ ४० घनमीटर वाळू घट्ट झाली होती. कापून काढलेल्या नमुन्यांचं दाब-सामर्थ्य मात्र ०.७ ते १२.४ मेगापास्कल इतकं वेगवेगळं भरलं. एकाच हौदातल्या एकाच वाळूत हा फरक होता. पुढची सगळी चर्चा या फरकाभोवतीच फिरते.

मग चिकणमाती कशासाठी? वाळूत चिकणमाती असणं तर वाईटच मानतात ना?

काँक्रीटच्या वाळूत वाईटच. इथे हिशेब वेगळा आहे, आणि तो आकड्यांत पाहिला की लगेच कळतो.

एक घनमीटर वाळू घ्या. वजन साधारण १,६०० किलो आणि पोकळी ४० टक्के, म्हणजे ४०० लिटर. त्यात ५ टक्के कॅल्साइट तयार केला तर ८० किलो होतो. कॅल्साइटची घनता लिटरला २.७१ किलो, म्हणजे हे सगळं खनिज मिळून ३० लिटरच्या आतच जागा घेतं. चारशे लिटर पोकळीत तीस लिटर! एवढ्याशा खनिजावर पूर्ण नमुन्याची ताकद उभी राहायची असेल, तर ते किती आहे यापेक्षा कुठे बसलं आहे हे महत्त्वाचं ठरतं. दोन कण जिथे टेकतात त्या सांध्यात बसलं तर ताकद मिळते. कणाच्या उघड्या पाठीवर बसलं तर तो नुसता गिलावा होतो. दगडी भिंतीत दरजा रिकाम्या ठेवून दगडांनाच चुना फासल्यासारखं.

वाळू भरड असेल तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. कणांतल्या वाटा मोठ्या, त्यामुळे द्रावण भराभर खाली निघून जातं. जिवाणूचा आकार जेमतेम एक ते तीन मायक्रॉन आणि वाळूचा कण अर्धा-एक मिलिमीटर. पुढचं द्रावण सोडलं की जिवाणू धुऊन जातात. कण मोठे असल्यामुळे तेवढ्याच जागेत सांधेही कमी असतात.

चिकणमाती इथे तीन गोष्टी करते. मोठ्या पोकळ्यांत बसून ती वाटा अरुंद करते, त्यामुळे द्रावण थांबतं आणि जिवाणूही अडकून राहतात. तिचे कण दोन मायक्रॉनहून बारीक असतात आणि पृष्ठभाग प्रचंड असतो, त्यामुळे स्फटिकांना सुरुवात करायला असंख्य जागा मिळतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ओली वाळू-माती निथळताना बारीक माती पाण्याबरोबर सरकून कणांच्या सांध्यांपाशी गोळा होते. म्हणजे जिवाणू, पाणी आणि स्फटिकाची सुरुवात या तिन्ही गोष्टी हव्या त्याच ठिकाणी एकत्र येतात. चिकणमातीचं खरं काम ताकद देणं हे नसून खनिजाला जागेवर बसवणं हे आहे.

म्हणजे जितकी चिकणमाती जास्त तितकी ताकद जास्त?

नाही. या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

ठरावीक मर्यादेपर्यंत फायदा होतो, मग आलेख वळतो आणि खाली येतो. माती जास्त झाली की द्रावण आत शिरत नाही, वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच कॅल्साइटचं कवच तयार होतं आणि आतला भाग कच्चा राहतो. शिवाय वाळूचे कण एकमेकांना टेकण्याऐवजी मधल्या मातीच्या थराला टेकतात. मग स्फटिक वाळूला वाळूशी न जोडता मऊ मातीला जोडतो.

मर्यादा शोधायचा सोपा मार्ग पारगम्यतेतून, म्हणजे पाणी किती वेगाने आरपार झिरपतं त्यातून, जातो. दहा सेंटिमीटर उंचीचा नमुना, पोकळी ४० टक्के, आणि पाणी स्वतःच्या वजनाने खाली झिरपतं असं धरा. पारगम्यता सेकंदाला ०.१ मिमी असेल तर पोकळीतलं सगळं द्रावण बदलायला सात मिनिटं लागतात. ०.०१ मिमी असेल तर तासापेक्षा थोडा जास्त. ०.००१ मिमी असेल तर अकरा तास! आता युरिया फुटण्याच्या वेगाशी तुलना करा: जिवाणू चांगले सक्रिय असतील तर काही तासांतच बराचसा युरिया फुटतो. म्हणजे तिसऱ्या नमुन्यात द्रावण खाली पोहोचेपर्यंत त्यातला कॅल्शियम वरच संपलेला असतो. म्हणून आधी वाळू-मातीच्या कोऱ्या मिश्रणाची पारगम्यता मोजा, जिवाणू नंतर.

बेंटोनाइट घ्यावं की केओलिन?

दोन्ही चिकणमातीच, पण स्वभाव फार वेगळा.

बेंटोनाइटमध्ये मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याचा पृष्ठभाग ग्रॅमला ७०० ते ८०० चौरस मीटरपर्यंत असतो, पाण्यात ते कित्येक पट फुगतं आणि शंभर ग्रॅममागे ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (आयनांवरच्या विद्युतभाराचं माप) धन आयन धरून ठेवतं. केओलिनचा पृष्ठभाग ग्रॅमला १० ते २० चौरस मीटर, फुगणं नाममात्र आणि आयन धरायची क्षमता ३ ते १५ च्या दरम्यान. त्यामुळे पाणी अडवायला बेंटोनाइट अगदी थोडं पुरतं, पण त्याचा हात जरा जास्त पडला तरी नमुना बंद होतो. केओलिन चुका सहन करतं.

मुंबईत पायलिंगच्या कामावर असणाऱ्यांना बेंटोनाइटची एक खोड चांगली माहीत असते. बोअरची भिंत धरून ठेवणाऱ्या स्लरीत, म्हणजे बेंटोनाइटच्या पातळ चिखलात, खारं पाणी किंवा सिमेंट मिसळलं की ती फाटते. इथेही तेच घडतं, कारण आपण कॅल्शियम क्लोराइडचं तगडं द्रावण सोडतो. कॅल्शियम येऊन सोडियमची जागा घेतं, मातीचे पापुद्रे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, फुगवटा उतरतो. हे नेहमी वाईटच असतं असं नाही. गुठळ्या झाल्यामुळे अडलेल्या वाटा थोड्या मोकळ्या होतात आणि पुढचं द्रावण आत जाऊ शकतं. पण 'बेंटोनाइट घातलंय, आता पाणी कायमचं अडेल' असं गृहीत धरू नका. कॅल्शियमने भरलेलं बेंटोनाइट सोडियमच्या बेंटोनाइटइतकं पाणी अडवत नाही.

माझा सल्ला असा: हेतू ताकदीचा असेल आणि वाळू मध्यम असेल तर केओलिनपासून सुरुवात करा. वाळू भरड असेल किंवा पाझर कमी करणं हाच हेतू असेल तर बेंटोनाइट. पहिल्या फेरीला बेंटोनाइट १, २, ३ आणि ५ टक्के, केओलिन २.५, ५ आणि १० टक्के, आणि दोन्हींबरोबर बिनमातीचा नमुना. बिनमातीच्या नमुन्याशिवाय केलेला प्रयोग काहीही सिद्ध करत नाही.

बेंटोनाइट सगळा कॅल्शियम शोषून घेईल का?

नाही. वरच्याच घनमीटरमध्ये ५ टक्के बेंटोनाइट म्हणजे ८० किलो. आयन धरायची क्षमता शंभर धरली तर ते जास्तीत जास्त ४० मोल (अणू-रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) कॅल्शियम धरेल. ८० किलो कॅल्साइटला लागतो ८०० मोल. म्हणजे फार तर पाच टक्के वाया, तेही फक्त पहिल्या फेरीत.

मिसळायचा क्रम काय?

कोरडी वाळू आणि कोरडी चिकणमाती आधी नीट कालवा. मग जिवाणूंचं द्रावण घालून इच्छित घनतेला ठोका. काही तास तसंच ठेवा, म्हणजे जिवाणू पृष्ठभागांवर टेकतील. त्यानंतर युरिया आणि कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण सावकाश सोडा.

चिकणमातीची स्लरी आणि कॅल्शियमचं द्रावण एकाच बादलीत आधी मिसळू नका. गुठळ्या बादलीतच होतील आणि मातीचा सगळा उपयोग तिथेच संपेल.

द्रावण किती तीव्र हवं, यावर मत स्पष्ट आहे: कमी तीव्र आणि जास्त फेऱ्या. अर्धा मोलर (लिटरला अर्धा मोल) किंवा त्याहून पातळ द्रावणाने कॅल्साइट जास्त एकसारखा पसरतो. एक मोलरने वेळ वाचतो, पण तोंडाशी स्फटिक साचून वाट बंद व्हायचा धोका वाढतो आणि माती असलेल्या नमुन्यात तो दुप्पट वाटावा इतका जाणवतो.

जमिनीत आधीपासून असलेल्या वाळूच्या थरात चिकणमाती कशी घालणार?

प्रामाणिक उत्तर असं की बहुतेक वेळा घालता येत नाही. बारीक वाळूच्या थरात मातीची स्लरी दाबली तर ती बोअरच्या तोंडाशीच गाळून बसते. अगदी भरड वाळू किंवा खडी असेल तर जिवाणूंबरोबर पातळ स्लरी आत जाऊ शकते. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये गॅस पाइपलाइनसाठी आडवं ड्रिलिंग करताना खडीचा थर ढासळू नये म्हणून जैव-सिमेंटीकरण केलं गेलं. तशा थरात हा विचार करता येईल.

त्यामुळे चिकणमातीची खरी जागा आहे ती नव्याने टाकल्या जाणाऱ्या भरावात, खोदून परत भरलेल्या वाळूत, विटा-ठोकळ्यांत आणि वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या वरच्या थरात. जिथे फावडं आणि मिक्सर पोहोचतो, तिथे.

एक घनमीटरला सामान किती लागतं?

५ टक्के कॅल्साइट धरून, सगळं रूपांतर पूर्ण झालं असं मानलं तर:

युरिया ४८ किलो, म्हणजे बाजारातल्या ४५ किलोच्या एका गोणीपेक्षा थोडा जास्त. निर्जल कॅल्शियम क्लोराइड ८९ किलो. अर्धा मोलर द्रावणाच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला ४०० लिटर. आणि याच्या बदल्यात तयार होतो जवळजवळ ८६ किलो अमोनियम क्लोराइड. वाळूत राहणाऱ्या कॅल्साइटपेक्षाही जास्त!

हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचा. चिकणमातीने ४ टक्के कॅल्साइटमध्ये ५ टक्क्यांचं काम झालं, तर युरिया, कॅल्शियम आणि हा मागे उरणारा क्षार, तिन्ही एक पंचमांशाने कमी होतात. चिकणमातीच्या बाजूने मला पटणारा सर्वांत मोठा युक्तिवाद हाच आहे. नमुना किती मेगापास्कलला फुटला यापेक्षा, ठरावीक ताकदीसाठी किती कमी युरिया लागला हे अहवालात आधी लिहिलं जायला हवं.

अमोनियाचं काय करायचं? चिकणमाती तो धरून ठेवते ना?

धरते, पण फारच थोडा. आयनांचा वरचाच हिशेब लावा: ८० किलो बेंटोनाइट जास्तीत जास्त ८० मोल अमोनियम धरेल, तयार होतात १,६०० मोल. आणि धरलेला अमोनियम कायमचा जात नाही; नंतर पावसाच्या पाण्याबरोबर हळूहळू सुटत राहतो. म्हणून मातीच्या नमुन्याचं निचऱ्याचं पाणी जास्त दिवस तपासावं लागतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. जमिनीतले जिवाणू अमोनियमचं पुढे नायट्रेट करतात. जवळपास विहीर किंवा बोअर असेल तर निचरा गोळा करून प्रक्रिया केल्याशिवाय हे काम उघड्यावर करू नये. डेल्फ्टच्या प्रयोगातही शेवटी पाणी सोडून क्षार धुऊन काढावा लागला. ज्या प्रकल्पाच्या खर्चात हे कलम नाही, तो खर्चाचा अंदाज अपुरा आहे.

सामू जास्त असल्यामुळे काही अमोनिया वायू होऊन उडतोही. बंद खोलीत काम करू नका.

शेतीचा युरिया वापरला तर चालेल का?

नाही. अनुदानित युरिया शेतीसाठीच आहे आणि तो दुसऱ्या कामाला वळवणं कायद्याने गुन्हा आहे. टेक्निकल ग्रेडचा युरिया वेगळा मिळतो, तो घ्या. तांत्रिक कारणही आहे: शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो आणि प्रयोगात ही एक नको असलेली भर पडते.

काळी माती किंवा शाडू वापरता येईल? आपल्याकडे तीच मिळते.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट असतंच, म्हणून तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पण तिच्यात सेंद्रिय पदार्थ, गाळ आणि बरेचदा चुनखडीचे खडेही असतात. हे खडे तुमची मोजणी बिघडवतात, कारण आम्ल टाकल्यावर जिवाणूंचा कॅल्साइट आणि शेतातला चुना सारखेच फसफसतात. वापरायचीच असेल तर ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, फ्री स्वेल (माती पाण्यात किती फुगते ती) चाचणी करा आणि मूळ कार्बोनेट आधी मोजून वजा करा. विदर्भ-मराठवाड्यातल्या कॉलेजांनी हा प्रयोग जरूर करावा असं मला वाटतं. स्थानिक मातीवर काम झालं तरच ही पद्धत इथल्या उपयोगाची होईल.

शाडू गणेशमूर्तींसाठी येते ती बहुतेक गुजरातेतून. तिचं खनिज-मिश्रण खाणीप्रमाणे बदलतं. एका गोणीवरचा निष्कर्ष दुसऱ्या गोणीला लागू होईलच असं नाही, म्हणून एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिजं ओळखायची चाचणी) करून घेतल्याशिवाय नुसतं 'शाडू' असं अहवालात लिहू नका.

जिवाणू कुठून आणायचे? त्यांचा धोका आहे का?

चंडीगडच्या एमटीसीसीसारख्या अधिकृत संग्रहातून किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएममध्ये विचारणा करून. स्पोरोसार्सिना पाश्चरी रोगकारक मानला जात नाही. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, अमोनियम सल्फेट आणि ट्रिस बफरच्या माध्यमात, सामू नऊ आणि तापमान ३० अंश ठेवून तो वाढतो. नुसता गढूळपणा मोजून थांबू नका. युरिया फुटताना द्रावणाची विद्युतवाहकता किती वेगाने वाढते ते पाहा. दोन बॅच सारख्याच गढूळ दिसूनही त्यांची युरिएजची ताकद वेगळी असू शकते.

जिवाणूंऐवजी सोयाबीन वापरतात म्हणे?

हो. सोयाबीनच्या पिठाच्या अर्कातही युरिएज असतं. एन्झाइमचा रेणू जिवाणूपेक्षा शंभरपट लहान असल्यामुळे बारीक वाटांतही शिरतो. म्हणून माती जास्त असलेल्या वाळूला हा मार्ग अधिक बरा. पण जिवाणूच्या पेशीवर मिळते तशी स्फटिकाला बसायची जागा इथे मिळत नाही, आणि तीच उणीव चिकणमातीचे कण भरून काढू शकतात. या जोडीवर अजून खूप काम व्हायला हवं.

बंगळुरूच्या आयआयएससीने इस्रोबरोबर २०२० मध्ये चंद्रावरच्या मातीसारख्या मिश्रणातून वीट बनवली, तिच्यात जिवाणू आणि युरियाबरोबर गवारीचा गम होता. जिवाणूंना भर घालणारा पदार्थ मातीच असला पाहिजे असं नाही.

कोणत्या चाचण्या कराव्यात?

दाब-सामर्थ्यासाठी भारतीय मानक आयएस २७२० भाग १०, पारगम्यतेसाठी भाग १७, थेट कर्तनासाठी (डायरेक्ट शिअर) भाग १३. कॅल्साइट मोजायला हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन वजनातली घट. मात्र नमुना उभा कापून वरचा, मधला आणि खालचा भाग वेगळा मोजा. सरासरी ५ टक्के दिसते तेव्हा वर ९ आणि खाली १ असू शकतं. फोडण्याआधी क्षार धुऊन काढा, नाहीतर वाळलेल्या अमोनियम क्लोराइडची खोटी ताकद मोजली जाईल. मातीच्या नमुन्यांची एक जास्तीची चाचणी आवर्जून करा: चोवीस तास पाण्यात बुडवून मग फोडा. कोरडी चिकणमाती स्वतःच कडक असते. जिवाणूंनी काय केलं ते ओला नमुना सांगतो.

भूकंपात वाळू पातळ होते, तिथे याचा उपयोग होईल?

२००१ च्या भूकंपात कच्छमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. कांडला बंदरातली कार्यालयाची उंच इमारत कलली ती पायाखालची जमीन सरकल्यामुळे. अशा सैल, पाण्याने भरलेल्या वाळूला थोडंसं जैव-सिमेंटीकरणही प्रतिकार देतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण ती वाळू जमिनीखाली असते, म्हणून वर सांगितलेली अडचण लागू होते: तिथे चिकणमाती नीट पोहोचवता येत नाही. नव्या बंदराच्या भरावात मात्र वाळू टाकतानाच मिसळता येईल.

कोकणातले किनारे धुपतात, तिथे फवारता येईल का?

माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळू उकरून अंडी घालतात. कवच धरलेल्या वाळूत मादीला खड्डा करता येणार नाही, आणि अमोनियम सरळ समुद्राच्या उथळ पाण्यात जाईल. शिवाय लाटांपुढे काही सेंटिमीटरचं कवच टिकत नाही. खालची मोकळी वाळू निघून गेली की ते तुकड्यांनी मोडतं. किनाऱ्याजवळच्या रस्त्याचा भराव किंवा बांधाच्या मागची वाळू असेल, निचरा गोळा करायची सोय असेल आणि सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी असेल, तर तिथे चाचणीचा एक छोटा पट्टा करून एक पूर्ण पावसाळा त्याच्याकडे पाहावं.